साक्षर कोणाला म्हणावे? : फिलिपिन असेंब्ली आणि तिचे लेखक-सभासद

१९०२ सालच्या जून महिन्यात वॉशिंग्टन येथे अमेरिकी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात फिलिपिन्सच्या भावी कारभाराविषयीच्या विधेयकावर चर्चा चालू होती. विधेयकाचे पुरस्कर्ते, विस्कॉन्सिनचे प्रतिनिधी हेन्री कूपर, यांनी त्या चर्चेत एक कविता वाचून दाखवली. होसे रिझाल यांना ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिला येथे गोळ्या घालून देहदंड देण्यात आला; त्याआधी तुरुंगात त्यांनी लिहिलेली ही शेवटची कविता. ज्या समाजात असा कवी निपजतो तो रानटी कसा ठरवता येईल, असा कूपर यांच्या युक्तिवादाचा रोख होता. विधेयक मंजूर झाले आणि ‘फिलिपिन असेंब्ली’ नावाच्या निर्वाचित सभागृहाची तरतूद कायद्यात आली. कवितेने एका देशाला विधिमंडळ मिळवून दिले, असे म्हणण्याचा मोह साहित्याच्या अभ्यासकाला आवरणे कठीण जाते. परंतु या प्रसंगातील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. कविता मूळ स्पॅनिशमध्ये होती; ती वाचली गेली इंग्रजी भाषांतरात; आणि ज्यांच्यासाठी सभागृह निर्माण होणार होते, त्यांतील बहुसंख्यांना या दोहोंपैकी एकही भाषा येत नव्हती. त्या सभागृहाचे पुढे जे झाले, ते या तपशिलाच्या अंगाने तपासावे, असे मला वाटते.

आपल्याकडील साहित्याच्या वर्गात फिलिपिन्सचा उल्लेख निघालाच तर तो बहुधा रिझाल यांच्यापाशी थांबतो. म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. स्पेनविरुद्धच्या क्रांतीला १८९६ मध्ये तोंड फुटले. १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात मालोलोस येथील बारासोआइन चर्चमध्ये क्रांतिकारकांची काँग्रेस भरली, आणि जानेवारी १८९९ मध्ये स्वतःचे संविधान असलेले प्रजासत्ताक अस्तित्वात आले. दरम्यान, डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहान्वये स्पेनने ही बेटे दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात अमेरिकेच्या हवाली केली होती. फेब्रुवारी १८९९ मध्ये नव्या धन्याशी युद्ध जुंपले. ४ जुलै १९०२ रोजी अमेरिकेने ते संपल्याचे जाहीर केले. कूपर यांचे विधेयक त्याच्या तीनच दिवस आधी कायदा झाले होते. तेव्हा असेंब्लीला फिलिपिनो जनतेचे पहिले विधिमंडळ म्हणण्यापूर्वी थबकायला हवे. त्यांचे स्वतःचे विधिमंडळ मोडून काढल्यावर त्यांना देऊ केलेले ते दुसरे विधिमंडळ होते.

३० जुलै १९०७ रोजी निवडणूक झाली आणि १६ ऑक्टोबर रोजी मनिलाच्या ग्रँड ऑपेरा हाऊस या नाट्यगृहात अमेरिकेचे युद्धमंत्री विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांच्या हस्ते असेंब्लीचे उद्घाटन झाले. सभासद ८०. तात्काळ स्वातंत्र्य मागणाऱ्या नासिओनालिस्ता पक्षाचे सभागृहात बहुमत होते. सेबूचे सेर्हिओ ओस्मेन्या सभापती झाले तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते. बहुमताचे सभागृहातील नेते मानुएल केझॉन हेही त्याच वयाचे. असेंब्लीच्या वर नियुक्त सभासदांचे ‘फिलिपिन कमिशन’ वरिष्ठ सभागृह म्हणून बसले होते, आणि १९१३ पर्यंत त्यात अमेरिकनांचे बहुमत होते. असेंब्लीने अंदाजपत्रक अडवून धरले तर आदल्या वर्षीच्या रकमा आपोआप चालू राहतील, अशी मूळ कायद्यातच तजवीज होती. मोरो मुसलमानांचा प्रदेश आणि ज्यांना ‘ख्रिस्तेतर जमाती’ म्हटले जाई त्यांचा प्रदेश असेंब्लीच्या कक्षेबाहेर होता. तेथे एकट्या कमिशनचा कायदा चाले.

या सभागृहाविषयी दोन ठरीव मते आढळतात. एक, अमेरिकी प्रशासकांनी रूढ केलेले : मागास लोकांना स्वराज्याचे धडे देणारी ही शाळा होती. दुसरे, त्याच्या नेमके उलट : हा जमीनदारांचा क्लब होता. दुसऱ्या मताची सर्वांत धारदार मांडणी बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८८ मध्ये फिलिपिन्समधील ‘कासिके लोकशाही’वरील निबंधात केली. कासिके म्हणजे गावोगावचे वतनदार-पुढारी. संकुचित मताधिकार आणि एका मतदारसंघातून एक सभासद ही रचना या वतनदारांना अगदी सोयीची ठरली. आपापल्या प्रांतात विखुरलेला हा वर्ग मनिलात एकत्र येऊन प्रथमच एक राष्ट्रीय सत्ताधारी वर्ग बनला, असे त्या मांडणीचे सार सांगता येईल. हे मत मला बव्हंशी मान्य आहे. मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याचे तेवढ्याने भागत नाही. या ८० जणांत केवळ जमीनदार आणि वकील नव्हते. त्यात कवी होते, कादंबरीकार होते, संपादक होते. मालमत्तेच्या हिशेबाने त्यांचे माप काढले की त्यांच्या शोकांतिकेचा निम्मा भाग हातातून निसटतो. तो भाग भाषेचा आहे.

मतदार कोण, हे प्रथम पाहू. २३ वर्षे पूर्ण झालेला पुरुष, आणि पुढील तीनांपैकी एक पात्रता : स्पेनच्या अमदानीत त्याने गावकारभारातील ठरावीक पद भूषवलेले असावे; किंवा त्याच्याकडे ५०० पेसोंची स्थावर मालमत्ता असावी वा त्याने वर्षाला ३० पेसो कर भरलेला असावा; किंवा त्याला इंग्रजी अथवा स्पॅनिश बोलता, वाचता व लिहिता यावे. १९०७ साली अशा मतदारांची नोंद सुमारे १ लाख ५ हजार इतकी झाली. १९०३ च्या जनगणनेतील लोकसंख्या ७६ लाखांहून अधिक होती. म्हणजे शंभरांत दीडही मतदार नव्हता. अँडरसन यांचे लक्ष साहजिकच मालमत्तेच्या अटीकडे जाते. मला तिसरी अट अधिक बोलकी वाटते. तिच्यात साक्षरतेची एक व्याख्या दडलेली आहे. ज्याला तागालोग वाचता येते, सेबुआनो वा इलोकानो लिहिता येते, तो या कायद्याच्या दृष्टीने निरक्षर. निरक्षर पण जमीनजुमला असलेला गृहस्थ मतदार होऊ शकत होता. तागालोगमध्ये पुस्तक लिहिणारा निर्धन लेखक, त्याला स्पॅनिश वा इंग्रजी येत नसेल तर, होऊ शकत नव्हता.

ही अट कागदावरची किरकोळ बाब होती काय? एका वृत्तपत्राचे उदाहरण घेऊ. ‘एल रेनासिमिएंतो’, म्हणजे ‘पुनर्जन्म’, हे स्पॅनिश वृत्तपत्र राफाएल पाल्मा यांनी १९०१ मध्ये काढले. त्याच्या संपादकीय खुर्चीवर बसलेली माणसे आणि असेंब्लीच्या सभासदांची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. पाल्मा स्वतः १९०७ मध्ये काविते प्रांतातून निवडून आले. कवी फर्नांदो मारिया गेरेरो मनिलातून आले. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘क्रिसालिदास’ हा संग्रह फिलिपिनो-स्पॅनिश कवितेतील मानाचा संग्रह समजला जातो. त्यांच्यानंतरचे संपादक तेओदोरो कालाव १९०९ मध्ये बातांगासमधून आले. या वृत्तपत्राबाहेरचेही लेखक होते. ‘निनाय’ (१८८५) ही फिलिपिनो लेखकाची पहिली कादंबरी लिहिणारे आणि मालोलोस काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेले पेद्रो पातेर्नो लागुनाचे प्रतिनिधी होते. खुद्द ओस्मेन्या यांनी १९०० साली सेबूमध्ये ‘एल नुएव्हो दिया’ हे वृत्तपत्र काढले होते. एखाद्या विधिमंडळात लेखकांची एवढी दाटी क्वचितच झाली असेल.

आता त्याच छापखान्याची दुसरी बाजू. ‘एल रेनासिमिएंतो’ची एक तागालोग आवृत्ती निघत असे. तिचे नाव ‘मुलिंग पागसिलांग’. अर्थ तोच, पुनर्जन्म. तिचे संपादक लोपे के. सांतोस. त्यांची ‘बानाआग आत सिकात’ ही कादंबरी याच पत्रात क्रमशः आली आणि १९०६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मालक-मजूर संबंध, समाजवाद, मालमत्तेचा हक्क यांवरील प्रदीर्घ वादविवाद तीत आहेत. तागालोग गद्याच्या इतिहासात ती मैलाचा दगड मानली जाते. कल्पना करा, मनिलातील एखादा विडी-सिगार कारखान्यातला कामगार ही कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचतो आहे, त्यातील मुद्द्यांवर शेजाऱ्याशी हुज्जत घालतो आहे. १९०७ च्या निवडणुकीत त्याला मत नव्हते, कारण सरकारच्या लेखी त्याला लिहितावाचता येत नव्हते. एकाच वृत्तपत्राच्या दोन भाषा : एकीचे संपादक सभागृहात जाऊन बसतात, दुसरीचे वाचक मतदानाच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत. असेंब्लीतील लेखकांचा प्रश्न येथून सुरू होतो. ज्यांच्या वतीने ते बोलत होते, त्यांतील बहुतेकांसाठी ते लिहीत नव्हते.

येथे या लेखकांवर अन्याय होऊ नये, याची काळजी घेतली पाहिजे. निवडणूक कायदा कमिशनने जानेवारी १९०७ मध्ये, म्हणजे असेंब्ली जन्माला येण्यापूर्वीच केला होता. त्यांची लेखणीही मिंधी नव्हती. ३० ऑक्टोबर १९०८ रोजी ‘एल रेनासिमिएंतो’मध्ये ‘आव्हेस दे रापिन्या’ (शिकारी पक्षी) हा अग्रलेख आला. त्यात कोणाचे नाव नव्हते, पण संशोधनाच्या मिषाने डोंगरदऱ्या धुंडाळून स्वतःची तुंबडी भरणाऱ्या अधिकाऱ्याचे चित्र होते. कमिशनचे सभासद आणि गृहखात्याचे प्रमुख डीन वूस्टर यांनी ते चित्र आपलेच आहे असे मानून अब्रुनुकसानीचा दावा लावला. अग्रलेख फिदेल रेयेस यांनी लिहिलेला. शिक्षा झाली ती संपादक कालाव आणि प्रकाशक मार्तिन ओकाम्पो यांना. वृत्तपत्र बंद पडले. कालाव यांना माफी मिळायला १९१४ साल उजाडले. मधल्या काळात ते असेंब्लीचे सभासद झाले होते : वरिष्ठ सभागृहातल्या माणसाने तुरुंगाकडे ढकललेला संपादक कनिष्ठ सभागृहात लोकप्रतिनिधी म्हणून बसला होता. अग्रलेखांवरील खटले म्हटले की मराठी वाचकाला १९०८ हे साल निराळ्या कारणाने आठवेल. त्यामुळे कालाव यांच्या धैर्याची किंमत त्याला समजावून सांगावी लागणार नाही.

तरीही भाषेचा हिशेब शिल्लक राहतोच. तागालोग लेखकांच्या वाट्याला राजद्रोहाचे खटले त्याही आधी आले होते. आउरेलिओ तोलेंतिनो यांचे ‘काहापोन, न्गायोन आत बुकास’ (काल, आज आणि उद्या) हे नाटक मे १९०३ मध्ये मनिलात रंगले आणि लेखकाला अटक झाली. हुआन आबाद यांचीही तीच गत. नाटक पाहायला साक्षरता लागत नाही. म्हणूनच सरकारला त्याचे भय अधिक होते. तागालोग रंगमंच संशयित आणि स्पॅनिश वक्तृत्व प्रतिष्ठित, अशी ही विभागणी. चार वर्षांनी त्याच शहरातल्या नाट्यगृहात असेंब्लीचे उद्घाटन झाले, तेव्हा तिची कामकाजाची भाषा मुख्यत्वे स्पॅनिश होती. भाषणे स्पॅनिशमध्ये झाली आणि इतिवृत्तेही स्पॅनिशमध्ये छापली गेली. स्वातंत्र्याच्या मागणीला तेथे मोठी धार चढली. १९०८ मध्ये पहिल्या अधिवेशनाच्या अखेरीस ओस्मेन्या यांनी सभापतीच्या आसनावरून राष्ट्राची स्वातंत्र्याची आकांक्षा निःसंदिग्ध शब्दांत सांगितली. आपल्या भाषेत साक्षर असलेल्या माणसाला साक्षर म्हणा, या मागणीला मात्र तशी धार आलेली दिसत नाही. ती अट १९१६ पर्यंत टिकली आणि सुटली तीही वॉशिंग्टनमध्ये झालेल्या जोन्स कायद्याने. स्थानिक भाषेत लिहितावाचता येणाऱ्याला मताधिकार मिळाला तो त्या कायद्यामुळे; त्यानेच कमिशन जाऊन निर्वाचित सिनेट आली आणि असेंब्लीचे प्रतिनिधीगृह झाले.

असेंब्लीने केलेला पहिला कायदा शाळांचा होता, ही गोष्ट तिच्या बाजूने आवर्जून सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. इसाउरो गाबाल्दोन यांच्या विधेयकाने खेड्यापाड्यांतील शाळांच्या इमारतींसाठी दहा लाख पेसो मंजूर केले. ‘गाबाल्दोन शाळा’ या नावाने त्या इमारती अजून ओळखल्या जातात. १९०८ मध्ये फिलिपिन्स विद्यापीठाचा कायदा झाला. पुढे १९२३ ते १९३३ या काळात त्याचे अध्यक्षपद राफाएल पाल्मा यांच्याकडे होते. शिक्षणावर एवढी श्रद्धा असणारे वसाहतकालीन विधिमंडळ विरळाच. पण त्या इमारतींत शिकवायची भाषा १९०१ च्या कायद्यानेच ठरून गेली होती. ती इंग्रजी होती. त्याच वर्षी ‘थॉमस’ या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकी शिक्षक आले होते. स्थानिक भाषांना शाळेत माध्यम करावे असे विधेयक पहिल्या असेंब्लीपुढे आले होते. ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. दहा लाख पेसो मात्र पोहोचले. स्पॅनिशमध्ये विचार करणाऱ्या, स्पॅनिशमध्ये कविता लिहिणाऱ्या सभासदांनी हात वर करून ज्या शाळा बांधल्या, त्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना त्यांची कविता वाचता येणार नव्हती.

आणि तसेच झाले. १९३९ च्या जनगणनेत इंग्रजी बोलू शकणारे सुमारे २७ टक्के आढळले. स्पॅनिश बोलू शकणारे ३ टक्क्यांहूनही कमी. फिलिपिनो-स्पॅनिश साहित्याचा सुवर्णकाळ म्हणून समीक्षक बहुधा अमेरिकी अमदानीची पहिली दशके सांगतात. वाचक घटत असताना साहित्य बहरते, यात वरकरणी विसंगती वाटेल. पण निरोपाच्या वेळी गळा भरून यावा तसा तो बहर होता. पाल्मांचे धाकटे बंधू होसे पाल्मा यांनी १८९९ मध्ये लिहिलेल्या स्पॅनिश कवितेचे शब्द राष्ट्रगीताला मिळाले. आज ते गीत फिलिपिनो भाषेतील रूपात गायले जाते. १९५६ मध्ये रिझाल यांच्या कादंबऱ्या शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवण्याचा कायदा झाला. त्यामागचे प्रमुख नाव क्लारो रेक्तो यांचे. तेही तरुणपणी स्पॅनिश कवी होते. कायदा झाला, पण मूळ पुस्तक वाचू शकणारी पिढी सरली होती. १९८७ च्या संविधानात स्पॅनिशला राजभाषेचे स्थान उरले नाही.

या साऱ्याचा निष्कर्ष एका घराण्यात दिसतो. पहिल्या असेंब्लीत बुलाकानमधून निवडून आलेले एक सभासद होते वनस्पतिशास्त्रज्ञ लेओन मारिया गेरेरो. त्यांचे नातू, त्याच नावाचे लेखक आणि मुत्सद्दी, यांनी १९६१ मध्ये रिझाल यांच्या ‘नोली मे तांगेरे’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. हे नातू काही काळ भारतातही फिलिपिन्सचे राजदूत होते. आजोबांची सभागृहातील भाषा ज्या कादंबरीची भाषा होती, ती नातवाने स्वदेशीयांसाठी परक्या भाषेत आणून द्यावी लागली. पुढे अँडरसन यांनी मूळ स्पॅनिश आणि हे इंग्रजी शेजारी ठेवून तपासले, तेव्हा त्यांना आढळले की भाषांतरात बरेच काही गाळले, सौम्य केले, बदलले गेले आहे. मूळ कादंबरीत वाचकाच्या अगदी जवळ असलेला काळ भाषांतरात दूर जाऊन बसतो. एकाच देशात, दोन पिढ्यांच्या अंतराने, राष्ट्रीय कादंबरी ‘परकी’ होते, ही घटना अनुवाद शिकवणाऱ्या प्रत्येकाने वर्गात चर्चेला घ्यावी अशी आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. स्पॅनिश ही तरी कोणाची भाषा? तीनशेहून अधिक वर्षे राज्य केलेल्या जेत्यांचीच ना? मूठभरांची ती भाषा गेली तर शोक कशाचा? मला स्पॅनिशसाठी गळा काढायचा नाही. माझा मुद्दा असा की असेंब्लीतील लेखकांनी भाषेकडे सभागृहात शिरण्याचा परवाना म्हणून पाहिले. प्रतिनिधित्वाचा विषय म्हणून पाहिले नाही. परवान्याचे असे असते की तो देणारा तो बदलू शकतो. स्पॅनिश हा परवाना चालत होता तोवर ते प्रतिष्ठित राहिले. तो रद्द होऊन इंग्रजीचा सुरू झाला, तेव्हा त्यांच्यामागे उभा राहणारा वाचकच नव्हता. ‘मुलिंग पागसिलांग’च्या वाचकाला त्यांनी १९०७ मध्येच आपला मतदार मानले असते, त्याच्या साक्षरतेसाठी तेवढ्याच त्वेषाने भांडले असते, तर स्पॅनिश टिकली असती असे नाही. पण तागालोग, सेबुआनो, इलोकानो यांच्या आधाराने रिझाल ते गेरेरो ही परंपरा भाषांतरित होऊन शाळेत पोहोचली असती, आणि तीही ती परंपरा जगलेल्या माणसांच्या हातून.

इतिहासात ‘असते तर’ला फारसा अर्थ नाही, हे खरे. तरी या दृष्टीने पाहिल्याचा एक लाभ आहे. वसाहतकालीन विधिमंडळांविषयी वाचताना आपण सभासद किती होते, अधिकार कोणते होते, बहुमत कोणाचे होते हे विचारतो. त्याच्या आधीचा प्रश्न साहित्याच्या माणसाने विचारला पाहिजे : त्या कायद्याने साक्षर कोणाला म्हटले? कोणत्या भाषेतले वाचन मोजले आणि कोणत्या भाषेतले मोजलेच नाही? फिलिपिन असेंब्लीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मताधिकाराच्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे, आणि पुढच्या अर्धशतकातील साहित्याचा इतिहास त्या कलमावरचे भाष्य म्हणून वाचता येतो. भाषा बंदी घालून क्वचितच मारली जाते. बहुधा तिचेच उत्तम लेखक, पूर्ण सद्‌हेतूने, पुढच्या पिढीसाठी दुसऱ्या भाषेतल्या शाळा बांधतात, आणि आपल्या पुस्तकांचे वाचक कोठून येणार हे विचारायचे राहून जाते. मराठी शिकवणाऱ्यांना आणि मराठीत लिहिणाऱ्यांना हा प्रश्न मनिलाइतका दूरचा वाटू नये.